सत्तेचा अभ्यासक, विद्यापीठाचा कारभारी
(वुड्रो विल्सन : भाग ३)

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होण्याआधी, १९०२ ते १९१० अशी आठ वर्षे, विल्सन प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्या भाषेत कुलगुरू होते. आपल्याकडे लोकप्रशासन हा विषय घेऊन स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना त्यांचा १८८७चा निबंध पाठ असतो. या आठ वर्षांची मात्र फारशी कोणाला माहिती नसते. गेल्या आठवड्यात आपण १८८५चा ‘काँग्रेशनल गव्हर्नमेंट’ हा त्यांचा ग्रंथ पाहिला. खरी सत्ता घटनेच्या कलमांत शोधू नका, ती काँग्रेसच्या स्थायी समित्यांकडे असते, असे त्यांनी त्यात दाखवले होते.

कारभाराची सुरुवात झकास झाली. १९०५मध्ये त्यांनी पन्नासच्या आसपास तरुण अध्यापक एकदम नेमले. व्याख्यान ऐकून घोकंपट्टी करण्याऐवजी मुलांनी वाचून यावे आणि लहान गटात अध्यापकाशी चर्चा करावी, अशी ही पद्धत होती. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोलाचे काम हेच.

मग त्यांनी भोजन-क्लबांना हात घातला. वरच्या वर्गांतली मुले या क्लबांत जेवत, पण प्रवेश निवडीने मिळे, आणि ज्यांची निवड होत नसे ती मुले एकटी पडत. सर्व वर्षांच्या मुलांनी अध्यापकांसह एकाच वसतिगृहात राहावे, जेवावे, अशी योजना विल्सन यांनी मांडली. जून १९०७मध्ये विश्वस्तांनी ती तत्त्वतः मान्य केली आणि ऑक्टोबरमध्ये मागे घेतली. मधल्या चार महिन्यांत माजी विद्यार्थी खवळले होते. आपले क्लब त्यांना जिवापाड प्रिय होते, आणि विद्यापीठाला देणग्याही तेच देत. अध्यापकांना आधी विश्वासात घेतले नव्हते, त्यामुळे तिथेही फूट पडली.

पदव्युत्तर महाविद्यालय कुठे बांधावे, यावरून अधिष्ठाता अँड्र्यू वेस्ट यांच्याशी झालेला वाद तर वर्षानुवर्षे चालला. विल्सन यांना ते विद्यापीठाच्या मध्यभागी हवे होते, वेस्ट यांना दूर. १९०९मध्ये विल्यम प्रॉक्टर यांनी पाच लाख डॉलर देऊ केले, पण जागा वेस्ट म्हणतील तीच, या अटीवर. विल्सन अडून राहिले. मे १९१०मध्ये आयझॅक वायमन यांच्या मृत्युपत्रातून मोठी संपत्ती त्याच महाविद्यालयासाठी आली. त्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांपैकी एक होते वेस्ट. विल्सन यांनी हार मानली.

सत्ता नेमकी कुठे असते हे ज्याने देशाला शिकवले, त्याने आपल्याच संस्थेत देणगीदारांची ताकद जोखली नाही, याची मला खंत वाटते. त्याहून मोठा डाग वेगळा आहे. समतेसाठी क्लबांशी झगडणारे विल्सन कृष्णवर्णीय तरुणांना मात्र प्रवेशासाठी अर्ज करण्यापासून परावृत्त करत. त्यांच्या वंशभेदी धोरणांमुळे २०२०मध्ये प्रिन्स्टनने सार्वजनिक धोरणाच्या संस्थेला असलेले त्यांचे नाव काढून टाकले.

ऑक्टोबर १९१०मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडले आणि नोव्हेंबरमध्ये ते न्यू जर्सीचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. तिथली त्यांची कारकीर्द पुढच्या आठवड्यात.