दोन लाईनचा टेबल फोन: घेण्याआधी तार पाहा

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातले अंतरवाली सराटी २९ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झालेल्या, मराठा आरक्षणासाठीच्या मनोज जरांगे यांच्या उपोषणामुळे राज्यभर माहीत झाले. एरवी ते शेतीवर चालणारे गाव. अशा गावात घरातूनच धंदा सांभाळणाऱ्याचा, मग तो मोसंबीचा व्यापारी असो, बियाणे-खतांचा विक्रेता असो की विमा एजंट, निम्मा दिवस फोनवर जातो. बागायतदाराशी भाव ठरत असतानाच ट्रकवाल्याचा फोन येतो आणि त्याला एंगेज लागतो. शिवाय त्याच आंदोलनामुळे २६ फेब्रुवारी २०२४ रोजी तालुक्यात संचारबंदी होती आणि जालन्यासह तीन जिल्ह्यांत इंटरनेट काही तास बंद होते. सगळा धंदा व्हॉट्सॲपवर असेल, तर अशा दिवशी साध्या कॉलचाच आधार उरतो.

दोन लाईनच्या टेबल फोनला रिसिव्हर एक आणि नंबर दोन असतात. एक कॉल होल्डवर ठेवून दुसरा घेता येतो. मात्र तो निवडण्याची सुरुवात दुकानात करू नका. आधी घरात आलेली तार पाहा.

तांब्याची तार की फायबर?

जुन्या लँडलाईनची तांब्याची जोडी एक्स्चेंजमधून सुमारे ४८ व्होल्टचा डीसी पुरवठा घेऊन येते. त्यामुळे घरातली लाईट गेली तरी साधा वायरवाला फोन चालतो. फायबरमधून फक्त प्रकाश येतो, वीज येत नाही. भिंतीवरची मोडेमची पेटी त्या प्रकाशाचे फोनच्या संकेतांत रूपांतर करते आणि ती घरच्या विजेवर चालते. लाईट गेली की पेटी बंद आणि दोन्ही लाईनीही बंद. म्हणून फायबर असेल तर फोनच्या खर्चात पेटीसाठीचा छोटा यूपीएसही धरा. पेटीच्या ॲडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि ॲम्पिअर पाहूनच तो निवडा. बहुतेक पेट्या १२ व्होल्टवर चालतात.

नंबर खरोखर दोन आहेत का?

कॉल वेटिंग असले म्हणजे दोन लाईन झाल्या असे नाही. दोन लाईनना दोन स्वतंत्र नंबर लागतात. फायबरच्या काही पेट्यांना फोनची दोन भोके असतात, काहींना एक, तर काहींना एकही नसते. दोन भोके दिसली तरी दुसऱ्यावर नंबर चालू करून घ्यावा लागतो. तेव्हा कनेक्शन देणाऱ्याला दोन प्रश्न विचारा: या पेटीवर दोन नंबर चालतील का, आणि दुसऱ्याचे भाडे किती? उत्तर मिळेपर्यंत फोन मागवू नका.

सॉकेट आणि वायर

घोटाळा बहुधा इथेच होतो. एका लाईनला दोन तारा लागतात, दोन लाईनना चार. दोन लाईनच्या अनेक फोनना मागे दोन सॉकेट असतात. एकात दोन्ही लाईन चार तारांच्या एकाच वायरने येतात, दुसरे फक्त दुसऱ्या लाईनसाठी असते. पेटीची भोके वेगवेगळी असतील तर दोन साध्या वायरी लावा, प्रत्येक सॉकेटला एक. भिंतीतल्या एकाच सॉकेटवर दोन्ही लाईन आणल्या असतील तर चार तारांची वायर हवी. ती ओळखणे सोपे आहे: पारदर्शक प्लग उजेडात धरा आणि आतल्या पितळी पट्ट्या मोजा. दोनच दिसल्या तर त्या वायरीवर दुसरी लाईन कधीच लागणार नाही.

बटणे आणि डिस्प्ले

प्रत्येक लाईनला वेगळे बटण, दिवा आणि वेगळी रिंग हवी. होल्ड हवाच. दोन्ही कॉल जोडणारे कॉन्फरन्सचे बटण असेल तर बागायतदार आणि ट्रकवाला यांची थेट गाठ घालून देता येते. कॉलरचा नंबर पाठवण्याच्या डीटीएमएफ आणि एफएसके अशा दोन पद्धती आहेत. दोन्ही ओळखणारा फोन घ्या, नाहीतर डिस्प्ले कोराच राहील. स्पीकर आणि डिस्प्लेला ॲडॉप्टर किंवा सेल लागतात. तांब्याच्या लाईनवर लाईट गेल्यावर निदान रिसिव्हर तरी चालतो का, हे दुकानदाराला विचारा. परदेशातून आणलेल्या फोनचा ॲडॉप्टर ११०-१२० व्होल्टचा असू शकतो. आपल्या २३० व्होल्टवर तो जळेल. आणखी एक गोष्ट: १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला लावताना आधी शून्य लागतो. मेमरीत नंबर भरताना तो शून्यासकट भरा.

सिमचा टेबल फोन?

तारच आली नसेल तर सिमवर चालणारा टेबल फोन हा पर्याय आहे. पण दोन सिमच्या बऱ्याच फोनमध्ये एका सिमवर बोलत असताना दुसऱ्या सिमचा कॉल येतच नाही. म्हणजे ज्यासाठी दोन लाईन हव्या होत्या, तेच जमत नाही. दुकानातच दोन्ही सिम घालून, एकावर बोलत असताना दुसऱ्यावर रिंग देऊन पाहा.

विजेचा कडकडाट

मराठवाड्यात वळवाच्या पावसाबरोबर विजा येतात. खांबावरून आलेली तांब्याची तार त्यांचा झटका घरात आणू शकते. ढग गडगडू लागण्याआधीच प्लग काढून ठेवा. कडकडाट सुरू झाल्यावर वायरवाल्या फोनवर बोलू नका आणि वायरीला हातही लावू नका.

सारांश असा: तांब्याच्या दोन लाईन चांगल्या चालत असतील, तर ॲडॉप्टरशिवायही रिसिव्हर चालणारा साधा फोन घ्या. फायबर असेल तर आधी दुसरा नंबर, मग यूपीएस आणि शेवटी फोन. घरात दोघे-तिघे फोन घेणार असतील तर दोन लाईनच्या फोनऐवजी लहान इंटरकॉम यंत्रणा बरी. एकटाच माणूस टेबलाशी बसणार असेल, तर दोन लाईनचा वायरवाला फोन पुरेसा आहे.