एका दुपारची ढाल

दहाव्या शतकात इंग्लंडच्या अ‍ॅथेलस्टन राजाने ग्रेटली या गावी जे कायदे जाहीर केले, त्यांत चोराला शिक्षा काय आणि नाणी कुणी पाडायची अशा मोठ्या बाबींच्या जोडीला एक छोटं कलम आहे. ढाल बनवणाऱ्याने ढालीवर मेंढीचं कातडं चढवायचं नाही. चढवलं तर 30 शिलिंग दंड. मेंढीचं कातडं पातळ आणि स्वस्त असतं. वरून रंग दिला की गिऱ्हाइकाला फरक कळणं कठीण. लबाडी उघडकीला यायची ती थेट रणात, आणि तोवर तक्रार करायला गिऱ्हाईक उरलेलं असेलच असं नाही.

आज युरोपात ढाली बनवण्याचा हा धंदा पुन्हा चालू आहे. फरक इतकाच की आता गिऱ्हाईक जिवंत राहतं आणि पुढच्या शनिवारी तक्रार घेऊन दारात उभं राहतं.

हे गिऱ्हाईक म्हणजे रीइनॅक्टर: सुट्टीच्या दिवशी मध्ययुगीन सैनिकाचा वेश चढवून जुन्या लढाया पुन्हा लढणारा हौशी माणूस. 1066 सालच्या हेस्टिंग्जच्या लढाईसाठी इंग्लंडमधल्या बॅटल गावच्या मठाच्या मैदानावर हे लोक ऑक्टोबरात जमतात. पोलंडमध्ये ग्रुनवाल्डला जुलैत 1410 ची लढाई उभी राहते. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर विस्बी शहरात ऑगस्टमध्ये अख्खा आठवडा मध्ययुगाचा असतो. तो 1984 पासून चालू आहे. तलवारींना धार नसते, पण त्या पोलादाच्याच असतात. किलोभर वजनाची बोथट पट्टी खांद्यावर आदळली की हाड मोडायला धार लागत नाही. म्हणून ढाल खरी लागते आणि अंगावरचं जाड कापडही खरंच लागतं. या दोन वस्तू हाताने बनवणाऱ्यांच्या लहान लहान कार्यशाळा इंग्लंड, पोलंड, चेक प्रजासत्ताक, जर्मनी, युक्रेन अशा देशांत पसरलेल्या आहेत. पुष्कळदा एकच माणूस किंवा नवरा-बायको ती चालवतात. तो लाकडाचं आणि लोखंडाचं बघतो, ती शिवणाचं, किंवा उलट.

ढालीपासून सुरुवात करू, कारण खरी अडचण तिथे आहे.

नॉर्वेत सँडेफ्योर्डजवळ गोकस्टाड इथे 1880 मध्ये एक व्हायकिंग जहाज उकरून काढलं. त्यासोबत 64 ढाली निघाल्या, दोन्ही बाजूंना बत्तीस-बत्तीस, एक काळी एक पिवळी अशा ओळीने रंगवलेल्या. व्यास साधारण 94 सेंटिमीटर, लाकूड पाइनचं. फळ्यांची जाडी मात्र पाहणाऱ्याला चक्रावून टाकते: सेंटिमीटरही भरत नाही, आणि कडेला आणखी पातळ होत जाते. चित्रपटांत दिसणारी दरवाजाएवढी जाड ढाल खऱ्या योद्ध्याने दहा मिनिटांत खाली टाकली असती. ढाल हातात सतत हलती ठेवायची असते. समोरचा वार अंगावर यायच्या आधीच तिने पुढे जाऊन तो वळवायचा असतो. जड ढालीला ते जमत नाही.

पातळ पाइनची ढाल धारदार कुऱ्हाडीपुढे फार काळ टिकत नाही. ती टिकावी अशी अपेक्षाही नव्हती. एका दुपारपुरती ती पुरली की तिचं काम झालं. आजच्या कारागिरापुढचा पेच नेमका हाच आहे. त्याच्या ढालीला एक दुपार नव्हे तर मे ते ऑक्टोबरचा सगळा हंगाम काढायचा असतो, शिवाय आदल्या दिवशीचा सराव आणि मुलांना हात लावून बघायला दिलेले तास. फळ्या जोडून केलेली खरीखुरी ढाल बोथट पोलादाच्या वारांनी जोडावर उकलते. लाकडाचं कुसळ समोरच्याच्या डोळ्यात जाण्याचीही भीती असते. म्हणून बहुतेक ढाली बर्च प्लायवूडच्या असतात आणि वरून लिनन चिकटवून प्लायवूड झाकलेलं असतं. पाठीमागच्या बाजूला काही जण फळ्यांचे जोड दिसावेत म्हणून रेघा कोरतात. मला हे खोटेपण क्षम्य वाटतं. संग्रहालयातली ढाल एकदाच मेली. हिला दर आठवड्याला मरायचं असतं.

जे कारागीर फळ्यांवर अडून बसतात त्यांच्याकडून शिकायला मात्र पुष्कळ मिळतं. जुन्या इंग्रजी काव्यात ढाल लिंडनच्या लाकडाची असते, पण कबरींतून निघालेले तुकडे तपासले तर विलो, पॉपलर, आल्डर अशी झाडं जास्त सापडतात. सगळी हलकी, मऊ, चटकन न फाटणारी. घाव बसला की असं लाकूड चिरत जाण्याऐवजी दबतं आणि पात्याला धरून ठेवतं. फळ्या जोडायला बाराव्या शतकातल्या थिओफिलस नावाच्या भिक्षूने कृती लिहून ठेवली आहे: मऊ चीज कुटायचं, गरम पाण्याने धुऊन त्यातलं सगळं सुटं निघू द्यायचं आणि चुन्यात घोटायचं. वाळल्यावर हा चिकटा ओलाव्यालाही सहसा सुटत नाही. त्यावर कातडं, कातड्यावर सरस आणि खडूचा लेप, आणि मग रंग. कँटरबरी कॅथेड्रलमध्ये 1376 मध्ये वारलेल्या इंग्लंडच्या युवराजाची, ब्लॅक प्रिन्सची, ढाल आहे. लाकडावर थर चढवत नेऊन वर चामड्याचे उठावाचे सिंह आणि लिली बसवलेल्या. झुरिकच्या स्विस राष्ट्रीय संग्रहालयातली झेडॉर्फची ढाल तिच्याहून दोन शतकं जुनी, निळ्यावर रुपेरी सिंह. तिचा वरचा गोलाकार भाग पुढे कुणीतरी कापून टाकला, कारण दरम्यान ढालींची फॅशन बदलली होती.

ही फॅशन उगाच बदललेली नव्हती. हेस्टिंग्जच्या लढाईची कथा सांगणाऱ्या बायोच्या भरतकामात नॉर्मन स्वारांच्या ढाली लांबलचक, खाली निमुळत्या, डावा पाय झाकणाऱ्या आहेत. पुढे पायांवर पत्रा चढू लागला तशी ढाल आखडत आखडत इस्त्रीच्या तळाच्या आकाराची झाली. पत्रा परवडत नसलेल्यांचं काय व्हायचं ते विस्बीच्या सामुदायिक कबरींत दिसतं. 1361 च्या जुलैत डॅनिश सैन्यापुढे गॉटलंडचे शेतकरी कापले गेले. हजाराहून जास्त सांगाडे निघाले, आणि त्यांत नडगीवरच्या घावांची संख्या डोळ्यांत भरते. आज पुष्कळ मंडळी गुडघ्याखाली वार करायला बंदी घालतात. तमाशा म्हणून ते ठीक आहे, पण त्यामुळे लांब ढाल का हवी होती हे खेळणाऱ्याच्या अंगाला कधीच कळत नाही.

वक्र ढाल करायची तर पातळ प्लायच्या दोन-तीन तावांना मधे गोंद लावून साच्यावर पट्ट्यांनी आवळतात आणि रात्रभर ठेवतात. कडेसाठी कच्चं, न कमावलेलं कातडं लागतं. ते पाण्यात भिजवून लुसलुशीत करायचं, कडेवरून दुमडून भोकांतून शिवायचं आणि वाळायला सोडायचं. वाळताना ते आक्रसतं आणि लाकडाला असं आवळतं की पुढे खिळ्याची गरज पडू नये. हौशी मंडळींनी यावर स्वस्त तोड काढली आहे: कुत्र्यांना चघळायला मिळतात ती कच्च्या कातड्याची हाडं आणायची, भिजवून उलगडायची आणि ढालीला शिवायची. पाऊस पडला की अशा छावणीत गावातली कुत्री फार प्रेमाने फिरतात, असं गमतीने म्हणतात.

आता कापड.

लोखंडापुढे कापडाला कुणी मान देत नाही. चित्रांत चमकतं ते चिलखत. पण सामान्य पायदळाचा जीव सांभाळला तो गॅम्बेसनने. लिननचे दोन पदर, मधे लोकर, कापूस किंवा जवसाच्या तंतूंचा चोथा, आणि वरून जवळजवळ घातलेल्या उभ्या टिपा: बाह्या असलेली गोधडीच म्हणा. इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीने 1181 मध्ये कुणी काय शस्त्र बाळगायचं याचा हुकूम काढला. त्यात मालमत्तेप्रमाणे वरच्या थरांना साखळी-चिलखत होतं; शहरवासी आणि बाकी स्वतंत्र माणसांसाठी गॅम्बेसन, लोखंडी टोपी आणि भाला. दहा वर्षांनी धर्मयुद्धात पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरून इंग्लंडच्या रिचर्ड राजाची फौज दक्षिणेला निघाली तेव्हा सुलतान सलाहुद्दीनचा चरित्रकार बहाउद्दीन समोरच्या बाजूने बघत होता. फ्रँक, म्हणजे युरोपीय, पायदळाच्या पाठीत दहा-दहा बाण रुतलेले आणि तरी ते रांग न मोडता चालत होते, असं त्याने लिहून ठेवलंय. त्यांच्या अंगावर जाड नमदा होता आणि त्यावर चिलखत.

साखळी-चिलखत पात्याची धार अडवतं, पण वाराचा धक्का तसाच आत सोडतं. तो धक्का पसरवायला आणि क्षणभर लांबवायला खाली भरण हवं. नुसत्या कापडाचा अंगरखा घालायचा तर मात्र थर वाढवावे लागतात. पंधराव्या शतकात फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या फर्मानात अशा अंगरख्याला पंचवीस-तीस पदर आणि बाहेरून हरणाचं कातडं सांगितलं आहे, आणि पदरांसाठी वापरून मऊ झालेलं जुनं कापडच उत्तम, असंही. नवं कापड ताठ असतं आणि अंगाबरोबर वळत नाही. दुसरीकडे लंडनच्या चिलखतकारांचे 1322 चे नियम भरणात जुनं काय चालेल आणि नवं काय हवं ते बारकाईने ठरवून देतात. आत काय कोंबलंय हे शिवल्यावर दिसत नाही, त्यामुळे मेंढीच्या कातड्याची लबाडी इथेही करता यायची.

शिवणाऱ्याची खरी परीक्षा भरणात नसते, मुंढ्यात असते. दोन बोटं जाड अंगरख्याला साध्या शर्टाचा मुंढा काढला तर हात वर करताच सगळा अंगरखा वर ओढला जातो आणि काखेत कापडाचा गठ्ठा दाटतो. तलवार डोक्यावरून आणणाऱ्या माणसाला हे परवडत नाही. यावरचं उत्तर फ्रान्समध्ये ल्योनच्या वस्त्र-संग्रहालयात आहे. 1364 मध्ये ओरेच्या लढाईत पडलेल्या शार्ल द ब्ल्वाचा म्हणून ओळखला जाणारा सोनेरी जरीचा अंगरखा. त्याचा मुंढा छातीवर आणि पाठीवर खोल आत शिरतो, जवळजवळ मोठ्या ताटासारखा गोल, आणि बाही कळ्या जोडून त्यात बसवलेली आहे. हात कुठेही फिरवा, कंबर जागची हलत नाही. चांगला कारागीर आज हाच काप उतरवतो. घाईतला कारागीर काखेत चौबगळा घालून वेळ मारून नेतो, आणि त्याहून घाईतला काख उघडीच ठेवतो.

मग हातशिलाईचा वाद. पुष्कळ मंडळांत वेश तपासणारा एक माणूस असतो आणि बाहेर दिसणारी मशीनची टीप त्याला चालत नाही. त्यामुळे आतल्या लांब टिपा मशीनवर मारायच्या आणि कड, काज, गळा हाताने शिवायचा असा तह झाला आहे. पूर्ण हातचा अंगरखा महिनाभर खातो. त्याची रास्त किंमत सांगितली की गिऱ्हाईक गप्प होतं. तिथेच एक मोठी विसंगती सगळ्यांनी पोटात घातली आहे. अकराव्या शतकात चिलखताखाली असा भरणाचा अंगरखा घालत, याचा पुरावा फार तुटपुंजा आहे. तरी हेस्टिंग्जच्या मैदानावरचा जवळजवळ प्रत्येक चिलखतधारी तो घालून उतरतो, कारण बरगड्या आजच्या आहेत. तपासणाऱ्याची मशीनच्या टिपेवर हरकत असते, संपूर्ण कपड्यावर नसते.

लढण्याची पद्धत बदलली की मालही बदलतो. 1966 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत सुरू झालेल्या मंडळात पोलादाऐवजी वेताच्या तलवारी असतात आणि ढालीच्या कडेला रबरी नळी चिरून बसवतात. ढाल फुटत नाही, पण मध्ययुगीन दिसतही नाही. दुसऱ्या टोकाला बुहुर्ट आहे: पूर्ण ताकदीने सांघिक मारामारी, जमिनीवर पडला तो बाद. त्याची पहिली मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा 2010 मध्ये युक्रेनमधल्या खोतिनच्या किल्ल्यात झाली. तिथे ढाल अडवायला कमी आणि कडेने ठोसा मारायला जास्त वापरतात, आणि आतला अंगरखा इतका जाड की जुलैत माणूस वारांनी नव्हे तर उकाड्याने आडवा होतो. फेरी संपल्यावर असा अंगरखा पिळता येईल इतका ओला झालेला असतो. तो उन्हात उलटा करून वाळवला नाही तर भरणाला बुरशी धरते. लोकरीला सडका वास येतो, कापसाच्या गुठळ्या होतात. विकताना कारागीर धुण्याच्या सूचना देतात आणि त्या कुणी पाळत नाही.

या बाजारात भारतही आहे, आणि चांगलाच आहे. मेरठ आणि डेहराडूनच्या कारखान्यांतून साखळी-चिलखतं, शिरस्त्राणं, ढाली आणि गॅम्बेसन जगभर जातात; युरोपातल्या नव्या खेळाडूचं पहिलं सामान पुष्कळदा तिथलंच असतं. स्थानिक कारागीर त्याला नाकं मुरडतात. तक्रार बिनबुडाची नाही: मापं ढोबळ, मुंढा शर्टाचा, भरणात कधी पॉलिएस्टर. पण विद्यार्थ्याच्या खिशाला हातचं काम झेपत नाही आणि एकदम झेपावं असं म्हणण्यातही अर्थ नाही. तो मेरठचा अंगरखा घेतो, हिवाळ्यात मुंढे उसवतो, काखेत चौबगळा घालतो, दर्शनी टिपांवरून हाताचा धावदोरा फिरवतो आणि मेच्या पहिल्या छावणीत तपासणीला उभा राहतो. बहुतेकदा तो पास होतो.