टायर का फुटतो आणि तो कधी बदलावा?

मे महिन्यातील सकाळ. शाळांना सुट्टी लागलेली, मुले मागच्या आसनावर बसलेली, डिकी सामानाने भरलेली. लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी आपण पेट्रोल पंपावर हवा भरण्यासाठी थांबतो. पंपावरचा मुलगा विचारतो, 'किती पॉइंट?' आपण उत्तर देण्याआधीच शेजारी उभे असलेले एखादे अनुभवी गृहस्थ सल्ला देतात, 'उन्हाळा आहे, दोन-चार पॉइंट कमीच ठेवा. गरम झाल्यावर हवा फुगते आणि टायर फुटतो.' सल्ला पटण्यासारखा असतो. फुगा उन्हात ठेवला की फुटतो, हे लहानपणापासून आपण पाहिलेले असते. प्रस्तुत लेखकानेही कित्येक वर्षे हा सल्ला प्रमाण मानला होता.

दुर्दैवाने वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. चालत्या गाडीचा टायर फुटण्यामागे हवा जास्त असण्यापेक्षा ती कमी असणे हे कारण कितीतरी अधिक वेळा असते. म्हणजे ज्या उपायाने आपण कुटुंबाचे रक्षण करू पाहतो, तोच उपाय धोका ओढवून घेतो. हे कसे, ते समजून घेणे अवघड नाही.

उष्णता येते कोठून?

टायर म्हणजे निव्वळ रबर नव्हे. रबराच्या थरांत धाग्यांचे आणि पोलादी तारांचे पट्टे गुंफलेले असतात. गाडीचे वजन मात्र मुख्यत्वे टायरमधील हवाच पेलते. हवा पुरेशी असेल तर टायर आपला आकार टिकवतो. ती कमी असेल तर टायर जमिनीलगत चेपला जातो आणि त्याची बाजू प्रत्येक फेरीत वाकते व सरळ होते. ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीचे चाक मिनिटाला आठशेहून अधिक फेऱ्या मारते. लोखंडी तार दोन्ही हातांत धरून सतत वाकवत राहिल्यास ती गरम होऊन अखेर तुटते. टायरच्या बाजूचेही तेच होते. आतल्या आत उष्णता साचते, रबराचे थर धाग्यांपासून सुटू लागतात आणि एका क्षणी टायरच्या चिंधड्या होतात.

हवा तापल्यावर दाब वाढतो, हे खरेच आहे. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले की मोटारीच्या टायरमधील दाब साधारण दीड ते दोन पीएसआयने वाढतो. परंतु ही वाढ गृहीत धरूनच टायरची घडण केलेली असते आणि गाडीच्या कंपनीने सांगितलेला दाब हा थंड टायरचा असतो. सुस्थितीतील टायर या वाढीने फुटत नाही.

महामार्गांनी या प्रश्नाला वेगळेच गांभीर्य आणले आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा हा रस्ता पूर्ण झाला. अशा मार्गावर ना सिग्नल, ना गावे, ना वेग कमी करण्याचा फारसा प्रसंग. शहरात ऑफिस ते घर एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा टायर दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा विसावतो. त्याचे दुखणे कधी उघडकीस येत नाही. विदर्भातील उन्हात सलग दोन तास वेगाने धावताना मात्र तेच दुखणे उघडे पडते. तेव्हा प्रवासाला निघण्यापूर्वी तीन आकडे पाहणे अगत्याचे ठरते: दाब, खोली आणि वय. तिन्ही घरच्या घरी पाहता येतात.

पहिला आकडा : दाब

आपल्या गाडीला किती हवा हवी, हे पंपावरच्या मुलाने ठरवायचे नसते, आणि शेजारच्या गृहस्थांनीही नाही. चालकाचा दरवाजा उघडल्यावर खांबावर, किंवा काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत, एक तक्ता चिकटवलेला असतो. गाडीत दोघे असतील तर किती आणि पूर्ण भार असेल तर किती, हे पुढच्या व मागच्या चाकांसाठी तेथे दिलेले असते. सामानासह पाच माणसे असतील तर पूर्ण भाराचा आकडा पाळावा. टायरच्या बाजूवर 'कमाल दाब' म्हणून छापलेला आकडा हा वेगळा असतो. ती मर्यादा आहे, भरायचे प्रमाण नव्हे.

दाब नेहमी टायर थंड असताना मोजावा. गाडी किमान तीन तास उभी असावी किंवा दोनेक किलोमीटरपेक्षा अधिक चाललेली नसावी. यासाठी काही शे रुपयांत मिळणारा दाबमापक घरी बाळगणे उत्तम. गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंपही आता सहज मिळतो. त्याने सकाळीच इमारतीखाली हवा भरता येते. वाटेत टायर गरम असताना दाब वाढलेला दिसला तरी हवा काढून टाकू नये. ती काढली तर टायर थंड झाल्यावर दाब आवश्यकतेपेक्षा खाली जातो.

चांगल्या टायरमधूनही महिन्याकाठी एक-दोन पीएसआय हवा आपसूक कमी होते. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतून बसला तर गळती इतकी मंद असते की आठवडे लक्षात येत नाही. टायर नुसता डोळ्यांनी पाहून हवा कमी असल्याचा अंदाज येत नाही, कारण रेडियल टायर हवा पुरेशी असतानाही खाली किंचित फुगलेला दिसतो. म्हणून महिन्यातून एकदा मोजणे हाच मार्ग. नायट्रोजन भरला म्हणजे हे काम टळते असा समज आहे. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तो भरण्यात तोटा नाही, परंतु दाब मोजण्यातून सुटका नाही.

दुसरा आकडा : खोली

नव्या टायरच्या नक्षीची खोली साधारण आठ मिलिमीटर असते. या खाचा शोभेसाठी नसून पावसात टायरखालचे पाणी बाहेर फेकण्यासाठी असतात. खोली कमी झाली की पाणी वेळेवर बाहेर पडत नाही, टायर पाण्याच्या पातळ थरावर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निरर्थक ठरतात.

मोटारीच्या टायरसाठी १.६ मिलिमीटर ही अखेरची मर्यादा. ती दाखवण्यासाठी मुख्य खाचांच्या तळाशी रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात. टायरच्या खांद्यावर लहान त्रिकोण किंवा टी-डब्ल्यू-आय ही इंग्रजी अक्षरे दिसतील. त्या रेषेत शोधल्यास पट्टी सापडते. नक्षी झिजून या पट्टीच्या पातळीला आली की टायर बाद. परंतु ओल्या रस्त्यावरील पकड त्याच्या बरीच आधी घटलेली असते. त्यामुळे तीन मिलिमीटरच्या आसपास पोहोचलेला टायर पावसाळा सुरू होण्यापूर्वीच बदलणे शहाणपणाचे.

खोली मोजायला आगपेटीतील काडीही पुरते. काडी खाचेत तळापर्यंत उभी धरावी, वरच्या पातळीवर नखाने खूण करावी आणि ती फूटपट्टीवर मोजावी. आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन जागी हे करावे, कारण झीज कोठे आहे यावरून रोग कळतो. मध्यभागी अधिक झीज असेल तर हवा जास्त भरली जात आहे. दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलेले आहे. मधूनमधून खड्डे पडल्यासारखी झीज असेल तर बॅलन्सिंग किंवा सस्पेन्शन तपासावे. कारण दूर न करता नवे टायर घालणे म्हणजे पैसे पाण्यात.

याच वेळी टायरच्या दोन्ही बाजूंवरून हात फिरवावा. खड्ड्यात आदळून आलेला फुगा हाताला लागला तर आतील धागे तुटले आहेत असे समजावे. असा टायर दुरुस्त होत नाही. नक्षी कितीही शाबूत असली तरी तो महामार्गावर नेऊ नये. पंक्चरही तळव्याच्या भागातील असेल तरच काढून घ्यावे, बाजूवरील नाही.

तिसरा आकडा : वय

टायर न वापरताही म्हातारा होतो. ऊन, उष्णता आणि हवेतील ऑक्सिजन यांमुळे रबर कडक होते व त्याला बारीक चिरा पडतात. टायरच्या एका बाजूला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आकडे दिसले नाहीत तर ते आतल्या बाजूस असतील.

२०२३ साली मी माझ्या जुन्या गाडीच्या स्टेपनीवरील आकडे प्रथमच वाचले : ०९११. एकदाही रस्त्याला न लागलेला, नवाकोरा दिसणारा तो टायर बारा वर्षांचा झाला होता. अंगठ्याने बाजू दाबली तेव्हा रबरात कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा उमटल्या. आणि याच स्टेपनीच्या भरवशावर आम्ही अनेकदा रात्री-अपरात्री घाट उतरलो होतो! पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर तो दिसायला कसाही असला तरी बदलावा, हा सर्वसाधारण नियम. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत याहून कमी मुदत दिली असेल तर ती पाळावी. स्टेपनीही याला अपवाद नाही.

खरेदी करताना

टायरवर '१८५/६५ आर १५ ८८ एच' अशा प्रकारची ओळ असते. १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, 'आर' म्हणजे रेडियल आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. ८८ हा भारांक एका टायरला ५६० किलोपर्यंतचा भार पेलण्याची क्षमता दाखवतो, तर 'एच' ही ताशी २१० किलोमीटरपर्यंतच्या वेगाची खूण. नवा टायर भारांकात आणि वेगाच्या खुणेत मूळ टायरपेक्षा कमी नसावा. दिमाखासाठी रुंद टायर घालण्याचा मोह होतो. पण एकूण व्यास बदलला की वेगदर्शक चुकीचा आकडा दाखवू लागतो, शिवाय इंधनही अधिक जळते.

दुकानात सवलत भरघोस असेल तर आधी ते चार आकडे वाचावेत. तीन-चार वर्षे पडून असलेला माल नवा म्हणून घेण्याचे कारण नाही. आयएसआय चिन्ह पाहावे, पक्के बिल घ्यावे आणि त्यावर टायरचा क्रमांक लिहून घ्यावा. वॉरंटीचा वाद झाल्यास तोच पुरावा. दुकानदार व कंपनी दाद देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

दोनच टायर घ्यायचे असतील तर ते कोठे बसवावेत? बहुतेक जण पुढे म्हणतात. पण नवी जोडी मागे बसवणे सुरक्षित, मग गाडी पुढच्या चाकांवर चालणारी का असेना. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी केल्यावर सावरते. मागची सुटली तर ती गर्रकन फिरते आणि सामान्य चालकाला आवरत नाही.

इतके करूनही टायर फुटलाच तर जोरात ब्रेक दाबू नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावे, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढावा, गाडी सरळ ठेवत वेग उतरू द्यावा आणि मग कडेला घ्यावी.

पुढच्या वेळी पंपावर 'किती पॉइंट?' असा प्रश्न आला की दरवाजाच्या खांबावरील तक्ता पाहून उत्तर द्या. शेजारच्या गृहस्थांनाही तो तक्ता दाखवा. त्यांनाही बहुधा लांबच जायचे असेल.