डार्टमथचे नौदल महाविद्यालय : प्रवेशाचे वय आणि परंपरा

इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात, डार्ट नदीच्या मुखाजवळील टेकडीवर ब्रिटानिया रॉयल नेव्हल कॉलेज उभे आहे. ब्रिटिश नौदलाचे अधिकारी येथे घडतात. या संस्थेविषयी लिहिताना राजघराण्याशी असलेल्या तिच्या संबंधांवरच बहुधा भर दिला जातो. अध्यापकास मात्र वेगळा प्रश्न महत्त्वाचा वाटतो : मुलाने कोणत्या वयात सेवेस वाहून घ्यावे, आणि तो निर्णय कोणाचा असावा? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने संस्थेच्या वाटचालीचा मागोवा घेतला आहे.

आरंभी महाविद्यालयास इमारत नव्हती. 'ब्रिटानिया' ही जुनी लाकडी युद्धनौका १८६३ मध्ये डार्ट नदीत कायमची नांगरण्यात आली आणि तिच्यावरच वर्ग भरू लागले. पुढील वर्षी 'हिंदोस्तान' हे दुसरे जहाज तिला जोडले गेले. जागा अपुरी पडू लागल्यावर वास्तुविशारद ॲस्टन वेब यांच्या आराखड्यानुसार टेकडीवर इमारत बांधण्याचे ठरले. १९०२ मध्ये सातवे एडवर्ड यांनी कोनशिला बसविली आणि १९०५ मध्ये कॅडेट तेथे राहावयास आले. जहाज गेले, परंतु जहाजाची बोली राहिली. मध्यवर्ती सभागृह आजही 'क्वार्टरडेक' म्हणून ओळखले जाते, तर निवासाची खोली म्हणजे 'केबिन'. परंपरा टिकते ती प्रामुख्याने अशा रोजच्या शब्दांतून, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१९०२ च्या अखेरीस जाहीर झालेल्या सेल्बोर्न योजनेनुसार मुले साधारणतः तेराव्या वर्षी भरती होत. पहिली दोन वर्षे ऑस्बोर्न येथे व पुढील दोन डार्टमथ येथे, असा क्रम होता. डेकवरील व अभियांत्रिकी शाखेच्या अधिकाऱ्यांना एकत्र शिकविणे हा या योजनेतील खरोखर पुरोगामी भाग होय. मात्र शिक्षणाचा खर्च पालकांनी सोसावयाचा असे. त्यामुळे अधिकारी समाजाच्या एका अरुंद थरातूनच येतात, ही तक्रार योजनेचे प्रवर्तक ॲडमिरल फिशर यांनीच पुढे केली.

कोवळ्या वयातील भरतीचा खरा अर्थ १९१४ मध्ये उघड झाला. १ ऑगस्टला लामबंदीचा आदेश आला आणि डार्टमथचे कॅडेट वर्ग सोडून थेट युद्धनौकांवर रुजू झाले. २२ सप्टेंबर रोजी 'अबुकीर', 'हॉग' व 'क्रेसी' या तीन क्रूझर एकाच जर्मन पाणबुडीने दोन तासांच्या आत बुडविल्या. सुमारे १,४५० जण मृत्युमुखी पडले. त्यांत जेमतेम पंधरा वर्षांचे कॅडेटही होते. आपल्याकडे या वयाचा मुलगा दहावीच्या वर्गात बसलेला असतो.

तरीही पद्धत लगेच बदलली नाही. १९१३ पासून अठराव्या वर्षाच्या सुमारास भरतीचा एक पर्यायी मार्ग खुला झाला होता. तथापि तेराव्या वर्षीचा प्रवेश दुसऱ्या महायुद्धापर्यंत चालूच राहिला. १९४२ मध्ये इमारतीवर बॉम्ब पडले व शिक्षण चेशायरमधील ईटन हॉल येथे हलविण्यात आले. युद्धानंतर, मजूर पक्षाच्या राजवटीत, शुल्क रद्द झाले. १९४८ मध्ये सोळाव्या व १९५५ मध्ये अठराव्या वर्षी प्रवेश सुरू झाला. १९७६ पासून स्त्री-अधिकाऱ्यांचे प्रशिक्षणही येथे होऊ लागले. आता येणारे बहुतेक उमेदवार पदवीधर असतात आणि त्यांचे येथील वास्तव्य एका वर्षाहूनही कमी असते. शाळेची प्रशिक्षणसंस्था झाली, असेच म्हणावे लागेल.

या इतिहासाशी आपला संबंध नाही असे नाही. १९८७ ते १९९० या काळात भारताचे नौदलप्रमुख असलेले ॲडमिरल जयंत नाडकर्णी यांचे शिक्षण मुंबईतील 'डफरिन' या प्रशिक्षण जहाजावर व नंतर डार्टमथ येथे झाले होते. स्वतंत्र भारताची नौदल अकादमी १९६९ मध्ये कोची येथे सुरू झाली. १९८६ मध्ये ती गोव्यात 'आयएनएस मांडवी' येथे आली आणि २००९ पासून केरळमधील एझिमला येथे स्थिरावली आहे. तेथे बारावीनंतर प्रवेश घेतलेला कॅडेट चार वर्षांत बी.टेक. पदवी घेऊनच बाहेर पडतो. म्हणजे डार्टमथने जे शिक्षण विद्यापीठांकडे सोपविले, ते आपण अकादमीतच ठेवले आहे. दीक्षान्त संचलनाच्या शेवटी हे तरुण संथ पावलांनी, मानवंदना देत 'क्वार्टरडेक'समोरून जातात. या 'अंतिम पग'च्या वेळी वाजणारी धून मात्र स्कॉटिश आहे.