स्वसंरक्षणार्थ पिस्तूल-शिक्षण : कायदा, कसब आणि निवड

दापोली तालुक्यातील हर्णे हे बंदर इतिहासाच्या अभ्यासकांस सुवर्णदुर्गामुळे परिचित आहे. कमोडोर जेम्स याने १७५५ साली हा जलदुर्ग आंग्र्यांकडून घेतला, तो तोफांच्या बळावर. आज त्या किल्ल्यासमोरच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव भरतो. समजा, लिलाव आटोपून रोकड बाळगत रात्री एकट्याने परतणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्याने विचारले की, 'मला संरक्षणासाठी पिस्तूल घ्यावयाचे आहे. ते चालविण्याचे चांगले शिक्षण कोठे व कसे मिळेल?' या प्रश्नास कोणते उत्तर द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रश्न वरवर केवळ व्यवहाराचा वाटतो. परंतु त्यात विधिशास्त्र, शस्त्राचे यंत्रशास्त्र व शिक्षणाची पद्धती या तिहींचा संबंध येतो.

प्रथम अधिकाराचा विचार करू. चालून येणाऱ्या आततायीस ठार करण्याची मुभा मनुस्मृतीने दिली आहे. मात्र त्या मुभेची मर्यादा कोणती, यावर टीकाकारांत व निबंधकारांत दीर्घ वाद झाला. धर्मशास्त्राचे इतिहासकार म. म. पां. वा. काणे, ज्यांचे शालेय शिक्षण दापोलीस झाले, त्यांनी या वादाचा साक्षेपाने परामर्श घेतला आहे. आधुनिक काळात १८६० च्या भारतीय दंड संहितेने हा अधिकार कलम ९६ ते १०६ मध्ये ग्रथित केला. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता अमलात आली असून हेच तत्त्व आता तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आढळते.

या कलमांचा मथितार्थ असा की, अधिकार आहे, परंतु तो अमर्याद नाही. सरकारी यंत्रणेचे साहाय्य घेण्यास अवसर असेल तेथे तो उरत नाही, आणि संरक्षणासाठी आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करता येत नाही (कलम ३७). साध्या चोरीसाठी चोराचा प्राण घेता येत नाही. जबरी चोरी, किंवा सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी अशा काही प्रसंगीच मालमत्तेच्या रक्षणाचा अधिकार तेथवर पोहोचतो (कलम ४१). दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने या विषयाची तत्त्वे एकत्र मांडली. भयाला वाजवी आधार असला म्हणजे पुरे. संकटात सापडलेल्या माणसाने बळाचे माप काटेकोर तोलावे अशी अपेक्षा नाही. मात्र हा अधिकार सूड घेण्यासाठी नव्हे, असा त्यांचा आशय आहे. तात्पर्य, चाप ओढण्यापूर्वीच्या एकदोन क्षणांत जो निर्णय घ्यावयाचा, त्याची छाननी न्यायालय पुढे वर्षानुवर्षे करू शकते.

आता शस्त्राकडे वळू. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सर्वसामान्य भारतीयाच्या हातचे शस्त्र परवान्याच्या कक्षेत आणले. त्याविरुद्ध काँग्रेसने आपल्या प्रारंभीच्या अधिवेशनांतच आवाज उठविला होता. कोकणात ज्या बंदुका उरल्या, त्या मुख्यतः रानडुकरे-वानरांपासून पिकाचे रक्षण करण्यासाठी वा शिकारीसाठी. पिस्तुलाच्या नागरी शिक्षणाची परंपरा त्यामुळे आपल्याकडे रुजली नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानेही परवान्याचे तत्त्व कायम ठेवले. एकवीस वर्षांखालील व्यक्तीस सामान्यतः परवाना मिळत नाही, आणि परवाना देण्यापूर्वी नजीकच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागविला जातो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस दोनच बंदुका बाळगण्याची मर्यादा घातली आणि समारंभातील बेदरकार गोळीबार स्वतंत्र अपराध ठरविला. आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा बदल २०१६ च्या शस्त्र नियमांनी केला. अर्जदाराने सुरक्षिततेचे शिक्षण पुरे करून तसे प्रमाणपत्र सादर करावे, असे त्यांनी ठरविले. अर्थात, शिक्षण ही आता परवान्याची पूर्वअट झाली आहे.

परंतु प्रमाणपत्र आणि पात्रता या दोन भिन्न गोष्टी होत. लहान बंदूक चालविणे मोठ्या बंदुकीहून कठीण असते, याचे कारण साध्या भूमितीत आहे. रायफलीच्या पुढच्या व मागच्या नेम-खुणांत साठ सेंटिमीटर अंतर धरले, तर त्या खुणा जुळविण्यात एक मिलिमीटर चूक झाल्यास दहा मीटरवर गोळी सुमारे १७ मिलिमीटर बाजूस जाते. पिस्तुलाच्या खुणांत अंतर पंधरा सेंटिमीटरच असल्यास तीच चूक सुमारे ६७ मिलिमीटर होते. शिवाय येथे खांद्याचा आधार नसतो. चाप ओढताना मनगट एका अंशाने वळले तरी त्याच अंतरावर गोळी साडेसतरा सेंटिमीटर भरकटते. भयाने हात कापत असता, अंधारात, मागे वस्ती असताना या चुकीचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको. परवान्यावर काडतुसांची मर्यादा असल्याने केवळ घरी शस्त्र आणून हे कसब येत नाही. त्यासाठी मैदान हवे.

महाराष्ट्रात हे मैदान प्रायः क्रीडा-नेमबाजीचे आहे. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावचे, ही गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे. मुंबईत वरळीस महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे, तर पुण्यात बालेवाडीस क्रीडा संकुलातील नेमबाजी-मैदान आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. हर्णेच्या रहिवाशास ही केंद्रे दूर आहेत, हे खरे. पण शस्त्र हाती घेण्यापूर्वी इतका प्रवास करण्याची तयारी नसेल, तर शस्त्राची गरज खरोखर किती आहे याचाच फेरविचार करावा.

क्रीडा-नेमबाजी उभे राहणे, श्वास, नेम व चापावरील ताबा शिकविते. तिचा आरंभ हवेच्या पिस्तुलाने होतो, आणि ४.५ मिलिमीटरच्या मर्यादित शक्तीच्या अशा पिस्तुलास परवाना लागत नाही, ही नवशिक्यास मोठी सोय आहे. तथापि क्रीडेतील लक्ष्य स्थिर व निर्जीव असते. शांघाय पोलिसांतील फेअरबेर्न व साइक्स यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जवळच्या अंतरावरील आकस्मिक चकमक हा निराळाच विषय असल्याचे दाखविले. अमेरिकेत जेफ कूपर यांनी १९७६ साली ॲरिझोनात नागरिकांसाठीही पिस्तूल-शाळा काढली. त्यांचे चार नियम आज जगभर शिकविले जातात : प्रत्येक शस्त्र भरलेलेच समजावे; ज्याचा नाश करावयाचा नाही त्याकडे नळी वळवू नये; नेम लागेपर्यंत बोट चापावर ठेवू नये; आणि लक्ष्य कोणते व त्यामागे काय आहे याची खात्री करावी. यांतील शेवटचा नियम म्हणजे एका अर्थी आपल्या संहितेच्या कलम ४४ चीच व्यावहारिक बाजू होय. कारण निरपराध व्यक्तीस धोका पोहोचविणारे संरक्षण त्या कलमाने केवळ निरुपाय असेल तेथेच क्षम्य मानले आहे.

या विवेचनावरून चांगल्या शिक्षणाची काही लक्षणे निश्चित करता येतील. एक, ते अधिकृत मैदानावर, मान्यताप्राप्त शिक्षकाच्या देखरेखीखाली व्हावे. दोन, रिकाम्या शस्त्राच्या सरावापूर्वी शिष्याच्या हाती काडतूस पडू नये. तीन, शिक्षकाने कायदा शिकवावा, आणि माघार, हाक व पोलिसांस वर्दी हे पर्याय गोळीच्या आधी यावेत. चार, शस्त्र व काडतुसे कुलुपात, मुलांपासून दूर ठेवण्याची आणि खाऱ्या हवेत गंजू न देण्याची रीत शिकविली जावी. समुद्रकाठी हा शेवटचा मुद्दा दुय्यम नव्हे, कारण गंजलेले शस्त्र ऐन वेळी दगा देते. पाच, अभ्यास एकदाच उरकून न टाकता ठरावीक काळाने पुन्हा व्हावा. जो शिक्षक अल्प दिवसांत निर्भय करण्याचे आश्वासन देतो, किंवा शिष्याची चूक पाहून त्यास थांबवीत नाही, त्याच्याकडे जाऊ नये.

आपल्या व्यापाऱ्यास द्यावयाचे उत्तर आता स्पष्ट होते. रोकड कमी बाळगणे, सोबत घेऊन निघणे, ११२ या क्रमांकावर साहाय्य मागणे हे उपाय त्याने आधी करून पाहावेत. तरीही शस्त्राची गरज उरली, तर परवान्याचा अर्ज करण्यापूर्वी त्याने मैदानावर जावे आणि परवाना मिळाल्यावरही जात राहावे. कारण या शिक्षणाचे खरे फलित लक्ष्यावरील छिद्रांत मोजावयाचे नसते. ज्या रात्री गोळी झाडणे त्याला शक्य होते, परंतु आवश्यक नव्हते, त्या रात्री त्याचे बोट चापावर गेले नाही, तर शिक्षण सफल झाले असे समजावे.