गहू चालत नाही, डबा चालतो

आमच्या मेसमध्ये सकाळी पराठा किंवा ब्रेड, दुपारी रोटी आणि रात्री पुन्हा रोटी असते. दिल्लीच्या आसपासच्या बहुतेक वसतिगृहांत हेच असणार. मला मात्र गहू आणि जव यांतलं काहीच चालत नाही, कारण मला सिलिअ‍ॅक हा आजार आहे. माझ्या लॉकरमध्ये छोल्यांचे आणि मक्याचे डबे दिसले की दोन प्रश्न हमखास येतात. ‘पोटाचं पथ्य आणि डबाबंद खाणं, हे उलटं नाही का?’ आणि ‘एक आम्हाला देतोस का?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. पहिल्याचं जरा मोठं आहे.

गहू आणि जव यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर ताणली जाते ती त्याच्यामुळे. सिलिअ‍ॅक असलेल्याच्या शरीराची संरक्षण यंत्रणा ग्लुटेन दिसलं की चवताळते आणि आपल्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात आणि अन्न शोषून घेण्याचं काम तेच करतात. ते झिजून सपाट झाले की कितीही खा, अंगी लागत नाही. आजार कळला तेव्हा माझं हिमोग्लोबिन 8.2 होतं आणि पीटीच्या दुसऱ्याच फेरीत मला धाप लागायची. यावर गोळी नाही. ग्लुटेन पूर्ण बंद केलं की आतडं हळूहळू भरून येतं, पण त्याला महिने लागतात, मोठ्या माणसांना कधी कधी वर्ष-दोन वर्षं. आणि हे पथ्य जन्मभराचं असतं.

गव्हाचा हा दोष समजायला जगाला बराच वेळ लागला. 1924 मध्ये सिडनी हास या अमेरिकन डॉक्टरने अशा मुलांना केळ्यांचा आहार दिला. मुलं सुधारली आणि श्रेय केळ्यांना मिळालं. खरं तर ताटातला ब्रेड गेला होता! पुढे विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आला. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, ब्रेड मिळेनासा झाला, तेव्हा इतर सगळे खंगत असताना ही मुलं बरी दिसू लागली. डिके यांनी 1950 मध्ये आपल्या प्रबंधात गव्हाचं नाव स्पष्टपणे घेतलं. हा आजार परदेशातलाच आहे असं मात्र समजू नका. एम्सच्या डॉक्टरांनी आपल्या राजधानी क्षेत्रात केलेली पाहणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात साधारण 96 माणसांमागे एकाला सिलिअ‍ॅक आढळला. पाचशे मुलांच्या शाळेत हा हिशेब पाचाच्या आसपास जातो आणि त्यातल्या काहींना स्वतःलाच ते ठाऊक नसणार.

आता डब्याकडे येतो. डबाबंद अन्न म्हणजे ‘केमिकल’ असं माझी आजी मानते. खरं तर डबा टिकतो तो उष्णतेमुळे. निकोला आपेर या फ्रेंच हलवायाने काचेच्या बरण्यांत अन्न भरून, हवाबंद करून, उकळून टिकवण्याची रीत काढली. त्यासाठी 1810 मध्ये फ्रेंच सरकारने त्याला 12,000 फ्रँकचं बक्षीस दिलं, कारण सैन्य आणि आरमार दूर पाठवायचं तर अन्न टिकायला हवं होतं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पत्र्याच्या डब्याचं पेटंट निघालं. ओपनर मात्र पुढे चाळीसेक वर्षांनी आला. तोवर हातोडा आणि छिन्नी! आपल्या सैन्याची तयार जेवणाची पाकिटं म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेत विकसित झाली. त्यांचंही तत्त्व हेच आहे. आधी बंद करायचं, मग दाबाखाली सुमारे 121 अंशांपर्यंत तापवायचं. त्यामुळे नुसत्या छोल्यांच्या डब्यात छोले, पाणी आणि मीठ एवढंच असलं तरी ते टिकतात.

माझ्यासारख्याला डब्याचा खरा उपयोग इथेच आहे. तो बंद आहे. आजी गावाहून ज्वारीचं पीठ पाठवायची, पण गिरणीत आधी कुणाचा गहू दळला होता हे कोण सांगणार? थालिपिठाच्या भाजणीत तर गहू असतोच. मेसमधल्या भैयांनी माझ्यासाठी भाताचं पातेलं वेगळं ठेवलं आहे, तरी रोट्या लाटताना पीठ उडतंच आणि वाढपाचा डाव एका भांड्यातून दुसऱ्यात जातो. कारखान्यात बंद झालेल्या डब्यात निदान आमच्या स्वयंपाकघरातलं पीठ शिरत नाही.

कारखान्यात आत काय घातलं हे मात्र वाचावं लागतं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि ग्लुटेन असलेलं धान्य वापरलं असेल तर तसं छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे. ‘ग्लुटेन फ्री’ लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. यादी जितकी लहान, तितका डबा बरा. नुसता मका, वाटाणे, अननस, आमरस, पाण्यातला ट्यूना हे सहसा सोपे. रस्सा आला की सावध. सूप दाट करायला मैदा घालतात, सोया सॉसमध्ये गहू असतो, माल्ट जवापासून करतात. आपल्याकडचा छुपा गहू म्हणजे हिंग. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा मैदा मिसळलेला असतो, म्हणून तयार दाल मखनीच्या डब्यावर मी आधी हिंग शोधतो. गुलाबजामचा डबा तर हातातही घेत नाही. रसगुल्ल्याच्या डब्यावरही रवा किंवा मैदा आहे का ते बघतो.

ग्लुटेन नाही म्हणजे पोटाला लगेच झेपेल, असंही नाही. दुधातली साखर पचवणारा रस त्याच झिजलेल्या उंचवट्यांवर तयार होतो. त्यामुळे पहिले काही महिने कंडेन्स्ड मिल्क बाधू शकतं. छोले-राजम्यात वात धरणारी साखर असते. तिचा काही भाग डब्यातल्या पाण्यात उतरतो, म्हणून ते पाणी ओतून द्यायचं आणि दाणे नळाखाली धुवायचे. मीठही बरंच कमी होतं. फुगलेला किंवा शिवणीवर चेपलेला डबा मात्र चाखूनही बघायचा नाही. त्यात बोटुलिनमचे जंतू वाढलेले असू शकतात आणि त्यांच्या विषाला वास असेलच असं नाही.

या वर्षी सात दिवसांच्या कॅम्पला मला पाठवायचं की नाही, यावर डॉक्टर मॅडम आणि सरांचं बराच वेळ बोलणं झालं. रस्त्यातल्या ढाब्यांवर माझा निभाव लागणार नव्हता. शेवटी आईने आयएनए मार्केटमधून आणलेले चौदा डबे, पोहे, मुरमुरे आणि शेंगदाणे यांची दिवसवार यादी मी दिली आणि परवानगी मिळाली. चौदा डबे पाठीवर घेऊन चढ चढणं हा वेगळा व्यायाम आहे. पण वजन रोज दोन डब्यांनी कमी होत जातं. ओपनर आणि चमचा मी वेगळ्या पिशवीत ठेवतो आणि ते दोन्ही कुणालाही देत नाही. डबा बंद असेपर्यंतच सुरक्षित असतो. परोठ्याच्या हाताने कुणी त्यात चमचा घातला की तो माझ्या उपयोगाचा राहत नाही. आमच्या सेक्शनमधल्या मुलांना हे आता इतकं पाठ झालंय की मी डबा उघडला की तेच दोन हात लांब सरकतात.