नेमबाजी आणि श्रवणरक्षण : इलेक्ट्रॉनिक कर्णरक्षकाची निवड

नेमबाजीच्या क्षेत्रात महाराष्ट्राने देशाला अनेक गुणी खेळाडू दिले आहेत. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे जागतिक अजिंक्यपद मिळविले, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक पटकाविले आणि २०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्निल कुसाळे यांना ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात कांस्यपदक प्राप्त झाले. हे तिघेही कोल्हापूर जिल्ह्याचे. शाळा-महाविद्यालयांतील राष्ट्रीय छात्रसेनेची पथके, रायफल क्लब व पोलीस प्रशिक्षण केंद्रे यांमधूनही अनेक तरुण गोळीबाराचा सराव करतात. पीकसंरक्षणासाठी परवान्याची बंदूक बाळगणारे शेतकरीही आहेत. या सर्वांच्या बाबतीत शस्त्राच्या सुरक्षिततेचा विचार आवर्जून केला जातो. कानांच्या सुरक्षिततेचा विचार मात्र तितक्या कटाक्षाने होत नाही.

हानी कशी होते?

आपल्या देशात चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलहून अधिक आवाज करणाऱ्या फटाक्यांना मनाई आहे. .२२ रायफलचा आवाज नेमबाजाच्या कानाशी १४० डेसिबलच्या आसपास असतो, तर बाराबोअर बंदूक, मोठ्या क्षमतेची रायफल वा पिस्तूल यांचा आवाज साधारणतः १५० ते १७० डेसिबलपर्यंत जातो. डेसिबलचे मोजमाप सरळ बेरजेचे नाही. वीस डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिदाबात दहापट वाढ होय. क्षणिक स्फोटध्वनीसाठी १४० डेसिबल ही प्रौढांची कमाल मर्यादा मानली जाते. लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ती १२० इतकीच सांगितली आहे.

अंतर्कर्णातील सूक्ष्म केशपेशी अशा आघाताने नष्ट होतात आणि त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. प्रथम ४,००० हर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर ऐकू येईनासे होतात. त्यामुळे बोलणे ऐकू येते, परंतु शब्द स्पष्ट कळत नाहीत. कानात सतत गुणगुण राहते. उजव्या खांद्यावरून रायफल चालविणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असल्याने त्यास अधिक इजा पोहोचते. या बहिरेपणावर औषध नाही. प्रतिबंध हाच उपाय. कापसाच्या बोळ्याने पुरेसे रक्षण होत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

इलेक्ट्रॉनिक कर्णरक्षकाचे कार्य

साध्या कर्णरक्षकाने स्फोटध्वनीबरोबर प्रशिक्षकाच्या सूचनाही दबतात. साहजिकच सूचना ऐकण्यासाठी शिकाऊ नेमबाज तो वारंवार दूर सारतो आणि नेमका त्याच वेळी शेजारचा बार उडतो. ही अडचण इलेक्ट्रॉनिक कर्णरक्षक दूर करतो. त्याच्या वाट्यांवर बाहेरून मायक्रोफोन व आतून लहान स्पीकर असतात. हलके आवाज वाढवून आत पोहोचविले जातात. आवाज सुमारे ८२ डेसिबलच्या पुढे गेला की स्पीकरमधून येणारा ध्वनी तत्काळ रोखला वा दाबला जातो.

येथे एक गोष्ट पक्की समजून घेतली पाहिजे. कानाचे रक्षण इलेक्ट्रॉनिक भाग करीत नाही. ते वाटी आणि तिची गादी करते. म्हणूनच बॅटरी संपली तरी रक्षण कायम राहते, आणि वाटी नीट बसली नसेल तर महागडे यंत्रही निरुपयोगी ठरते.

निवड करताना

पहिली बाब संरक्षणक्षमतेची. वेष्टनावर ती एनआरआर वा एसएनआर या नावाने डेसिबलमध्ये दिलेली असते. हे दोन आकडे वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेले असल्याने त्यांची परस्परांशी तुलना करू नये. शिवाय ते प्रयोगशाळेतील असतात. अमेरिकेतील एनआयओएसएच या संस्थेने इअरमफसाठी एनआरआरमधून २५ टक्के वजा करावेत, अशी शिफारस केली आहे. म्हणजे २४ चा आकडा प्रत्यक्षात १८ समजावा. १६० डेसिबलच्या बाराला हा ढोबळ हिशेब लावला तर कानाशी १४२ उरतात. हे पुरेसे नाही. अशा वेळी आत फोमचे इअरप्लग घालून वर इअरमफ लावावा. दुहेरी रक्षणाने सुमारे ५ डेसिबलची भर पडते. बंदिस्त मैदानात भिंतींवरून ध्वनी परावर्तित होत असल्याने तेथे दुहेरी रक्षणच इष्ट.

दुसरी बाब आकाराची. रायफलच्या दस्त्यावर गाल टेकताना जाड वाटी आड येऊन सरकते. यास्तव रायफलसाठी खालून निमुळती वाटी घ्यावी. चष्म्याच्या काड्यांमुळे फट पडते. तेव्हा मऊ गादी व बारीक काड्या असाव्यात. तिसरी बाब, दोन्ही वाट्यांना स्वतंत्र मायक्रोफोन असल्यास आवाजाची दिशा कळते. चौथी, बार झाल्यावर सर्व ध्वनी क्षणभर बंद करणाऱ्या यंत्रापेक्षा मोठा ध्वनी दाबून बाकीचे ऐकू देणारे यंत्र सोयीचे. पाचवी, बॅटरी स्थानिक बाजारात मिळणारी असावी. पावसाळ्यात व घामाने मायक्रोफोन बिघडतात म्हणून वापरानंतर उपकरण कोरडे करून ठेवावे. गादी कडक झाली वा चिरली की बदलावी.

स्पर्धेसाठी मात्र एक बंधन आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार ध्वनी ग्रहण करणारी उपकरणे असलेले कर्णरक्षक खेळाडूंना वापरता येत नाहीत. सरावात इलेक्ट्रॉनिक साधन वापरणाऱ्या खेळाडूने स्पर्धेपूर्वी साध्या साधनाचीही सवय केली पाहिजे.

संस्थांची जबाबदारी

निधी मर्यादित असल्यास इलेक्ट्रॉनिक संच प्रथम प्रशिक्षक व नवशिक्या नेमबाजांसाठी घ्यावेत. इतरांना उत्तम प्रतीचे साधे इअरमफ पुरतील. इअरप्लग कसा घालावा, हे शिक्षकांनी प्रात्यक्षिकाने दाखवावे : तो बोटांनी वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कान वर व मागे ओढावा, प्लग आत सारून फुगेपर्यंत धरून ठेवावा. मैदानावर नोंद ठेवणारे, रांगेत थांबलेले व पाहण्यास आलेले ग्रामस्थ यांनाही तेवढेच रक्षण हवे. नियमित सराव करणाऱ्यांची वर्षातून एकदा श्रवणचाचणी व्हावी. काडतुसांच्या तरतुदीबरोबरच कर्णरक्षकांचीही तरतूद अंदाजपत्रकात केली, तर पदकाच्या ध्येयाने मैदानात उतरलेल्या मुलामुलींना त्याची किंमत आपल्या श्रवणशक्तीने मोजावी लागणार नाही.